जोहरची अलहम्द

"तुझ्या बापाची अलहम्द खाडीपलीकडे ऐकू जाते गो, सबिहा," इशाकचाचा ओटीवरच्या बाकावर बसत म्हणाले. "पलीकडचे लोक मला विचारतात, वेळशीत हल्ली दुपारी दोन अजान होतात काय?"

मी त्यांना पाणी आणून दिलं. माजघरात बाबा जोहरच्या नमाजीला उभे होते, अलहम्द, कुराणाचा पहिला अध्याय, पढत. त्यांचा आवाज भिंतीवर आपटून ओटीवर येत होता. मध्येच एखादा शब्द कर्कश व्हायचा, कारण आवाज कुठे चढला हे त्यांना कळत नव्हतं. त्यापलीकडे, आतल्या खोलीत, पडद्यामागे अम्मा तिच्या मुसल्ल्यावर, नमाजीच्या चटईवर, उभी होती. तिचा आवाज येत नव्हता. तो येऊ नये असाच नियम आहे. दिवसाच्या दोन नमाजा, दुपारची जोहर आणि उतरत्या दुपारची असर, मनातल्या मनात नाही पण ओठातल्या ओठात पढायच्या. स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतकं, शेजाऱ्याला नाही.

अडचण तिथेच होती. स्वतःच्या कानाला ऐकू यायला बाबांना ओरडावं लागत होतं.

"रागावू नको," इशाकचाचा म्हणाले. मशिदीचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि बाबांचे ते लहानपणापासूनचे मित्र. "मी त्याला मशिदीत येऊ नको असं म्हटलं नाही. हळू पढ म्हटलं. त्याच्या बाजूला उभा राहणारा माणूस स्वतःची अलहम्द विसरतो. एकदा तर उस्मान सजद्यात कपाळ टेकायचं सोडून उभाच राहिला. पण तुझा बाप मानी. त्या दिवसापासून मशिदीची पायरी चढलेला नाही."

"त्यांना मुद्दाम करायचं नसतं, चाचा."

"मला कळत नाही काय? पण जमातीला काय सांगू?"

मी त्यांना पिशवीतला डबा दाखवला. पुण्याच्या ज्या इस्पितळात मी लोकांचे कान तपासायचे, तिथून मी बाबांसाठी कानाचं मशीन बनवून आणलं होतं. मागच्या खेपेला आले तेव्हाच त्यांच्या कानाचा साचा घेऊन गेले होते.

चाचांनी मशीन तळहातावर घेऊन पाहिलं. "एवढंसंच? याने होईल?"

"होईल."

"तसं झालं तर पहिल्या सफेत माझ्या बाजूची जागा त्याची. सांग त्याला. मी कोणाला उभं राहू दिलेलं नाही तिथे."

*

बाबांचा कान जहाजावर गेला. त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत तेलवाला म्हणून गेलं. पडद्याला भोक नाही, पू नाही, दुखणं नाही. आतली नसच मेलेली. कानाच्या मधल्या भागात बिघाड असलेला माणूस हळू बोलतो, कारण त्याला स्वतःचा आवाज डोक्यात घुमलेला ऐकू येतो. नस गेलेला माणूस मोठ्याने बोलतो. त्याला बाहेरचं जग ऐकू येत नाही, तसा तो स्वतःही ऐकू येत नाही.

"जहाजावर आम्ही चौघं बॉयलरच्या मागे नमाज पढायचो," त्या दुपारी मी त्यांच्या कानात साचा बसवत असताना बाबा सांगू लागले. "इंजिनाच्या आवाजात स्वतःची अलहम्द कधी ऐकू आली नाही. ओठ हलायचे तेवढंच. मनात धाकधूक असायची की होते की नाही ही नमाज. अलहम्द नाही तर रकात नाही, नमाजीचा तो फेराच धरला जात नाही. म्हटलं, घरी गेलो की नीट ऐकत पढू. तिथे इंजिन नाही."

"हलू नका."

"आता इंजिन नाही तर कान नाही."

अम्मा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. मी मशीन सुरू केलं. बाबांनी डोळे मिचकावले.

"ऐकू येतं?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

"पिंपात बसून कोणी बोलतंय असं वाटतं." ते दचकले. "हा माझा आवाज? एवढा म्हातारा?"

"आता किती हळू पढाल?" अम्माने विचारलं.

"तुझ्या पोरी पढायच्या तसं. तुझी शिमटी बसू नये म्हणून." बाबा हसले. तिला बाबांना तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही, याचंच मला कौतुक. मी तिच्याकडे बघितलं तर ती वळून आत गेली होती.

अम्मा म्हणजे गावची उस्तानी, कुराण आणि नमाज शिकवणारी. वेळशीतल्या निम्म्या बायका तिच्याकडे शिकलेल्या. आमच्या ओटीवर सकाळी पोरींची रांग बसायची आणि अम्मा हातात वेताची बारीक शिमटी घेऊन मधून फिरायची. मारायची नाही, जमिनीवर टेकवायची. शिमटी वाजली की चुकलं. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तिच्या बाजूला उभी राहून दुपारी मोठ्याने अलहम्द म्हटली होती. नमाज संपवून सलाम फेरल्यावर ती म्हणाली, "हळू गो. जोहर आहे. उजेडाची नमाज हळू, काळोखाची मोठ्याने." मी विचारलं होतं, मग तू नमाजीतच का नाही थांबवलंस? "नमाजीत बोललं की नमाज तुटते," ती म्हणाली. एवढं सुद्धा ठाऊक नाही, असा चेहरा करून.

दोन वर्षांपूर्वी तिने शिकवणं बंद केलं. डोळे दुखतात म्हणाली. मोतीबिंदू काढून झाला होता, डॉक्टरांनी डोळे उत्तम म्हणून सांगितलं होतं. शिवाय शिकवताना ती किताबात बघायचीच नाही. पण तेव्हा मी कानांचा विचार करणारी बाई होते, आणि तोही बाबांच्या.

*

असरला बाबा मशिदीत गेले. पांढरा झब्बा, इस्त्री केलेला. मी ओटीवरून त्यांना वळणापर्यंत जाताना पाहिलं. परत आले ते इशाकचाचांबरोबर, आणि चाचांच्या हातात सरबताची बाटली.

"ऐकलंस, उस्तानी?" चाचा ओटीवरूनच आत ओरडले. "तुझ्या नवऱ्याचा आज एक शब्द मला ऐकू आला नाही. मी मुद्दाम कान लावून उभा होतो."

"म्हणजे तुझं नमाजीत लक्ष नव्हतं," बाबा म्हणाले.

"तुझ्यामुळे कधी असतं?"

दोघं लहान मुलांसारखे हसत होते. अम्माने पेले आणून ठेवले, बर्फ नाही म्हणाली, आणि परत गेली.

पुढचे दोन-तीन दिवस बाबा पाचही वेळा मशिदीत गेले. अजानच्या आधीच हातपाय धुऊन, वजू करून तयार. घर एकदम शांत झालं. इतकी वर्षं समुद्रावर काढलेल्या या माणसाला गावात येऊन करायचं एवढंच होतं, आपल्या माणसांच्या सफेत, त्या रांगेत, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आणि ते आता त्याला मिळालं होतं. मी माझ्या कामावर खूश होते.

अम्मा मात्र गुडघे दुखतात म्हणू लागली. एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घेऊन आतल्या खोलीत गेले तेव्हा ती मुसल्ल्यावर उभी होती. हात बांधलेले, नजर सजद्याच्या जागी. मी पलंगावर घड्या ठेवल्या, कपाट उघडलं, लावलं. ती तशीच. रुकूला वाकली नाही. ओठ बंद होते. मी बाहेर जाऊन भाजी चिरायला घेतली. पुन्हा डोकावले तर तिने मुसल्ला गुंडाळला होता आणि त्यावर हात ठेवून ती पलंगावर बसली होती.

"झाली नमाज?"

"वजू तुटला," ती म्हणाली. "मग करते."

दुसऱ्या दिवशी जोहरला निघण्याआधी बाबांनी सुन्नती, जमातीआधी एकट्याने पढायच्या रकाती, नेहमीप्रमाणे माजघरात पढायला घेतल्या. मी स्वयंपाकघरात होते. आधी त्यांचा आवाज नव्हता. मग अचानक आला, पूर्वीसारखा नाही, पण भिंत ओलांडेल एवढा. मला वाटलं, बॅटरी उतरली. संपल्यावर विचारायचं ठरवलं तर ते तोवर निघून गेले होते.

मशिदीतून परतले तेव्हा मशीन त्यांच्या खिशात होतं.

"शिट्टी वाजते," त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "सगळे बघतात माझ्याकडे. नको मला."

साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारतं. मी साचा तपासला. बॅटरी मोजली. माझ्या स्वतःच्या कानाला लावून बघितलं, आवाज वाढवला, कमी केला. शिट्टी नव्हती.

"बाबा, यात काही बिघाड नाही."

"तुझ्या कानात नसेल. माझ्या कानात आहे."

"लावून दाखवा."

"नको म्हटलं ना."

"इशाकचाचांना काय सांगणार?"

"बिघडलं म्हणून सांगेन."

"मी पुण्याहून घेऊन आले, साचा करून. आणि एवढे खूश होतात तुम्ही..."

"मी कधी म्हटलं खूश नव्हतो?" ते म्हणाले आणि विहिरीकडे निघून गेले. अम्मा चुलीजवळ तांदूळ निवडत होती. बापलेकीच्या मधल्या प्रत्येक गोष्टीत बोलणारी बाई, तिने मान वर केली नाही.

*

त्यानंतरच्या जोहरला अजान झाली आणि बाबा घरीच उभे राहिले. माजघरात, पूर्वीच्या जागी. आणि पूर्वीच्याच आवाजात त्यांनी सुरुवात केली. पलीकडच्या काठालाही ऐकू जावं असं.

माझा राग गेलेला नव्हता. मला अम्माशी बोलायचं होतं. मी मागच्या दाराने तिच्या खोलीत शिरले आणि तिथेच थांबले.

अम्मा मुसल्ल्यावर उभी होती. तिचे ओठ हलत होते. बाबा एक आयत, अलहम्दची एक ओळ, म्हणायचे, थांबायचे, आणि त्या थांबण्यात अम्मा तीच आयत कुजबुजायची. मग पुढची. माझा धंदाच ऐकण्याचा होता. हा काही एकाच वेळी दोन माणसं पढत असल्याचा प्रकार नव्हता. ती त्यांच्या मागून चालत होती, अंधारात एखाद्याच्या पदराला धरून चालावं तशी. मध्येच बाबांना ठसका लागला. आयत अर्धी राहिली. अम्माची आयतही तिथेच थांबली. ओठ अर्धे उघडे. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षं गावाला अलहम्द शिकवली, ती पुढच्या शब्दाची वाट बघत उभी होती.

बाबांनी घसा साफ केला, आयत पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ती निघाली.

दाराचा पडदा अर्धा बाजूला केलेला होता. त्यातून मला बाबांची पाठ दिसत होती, आणि उजव्या कानामागे मशीन. सकाळी मी ते डब्यात ठेवलं होतं. त्यांनी ते काढून लावलं होतं, आणि त्यावरचा छोटा खटका चालू होता. प्रत्येक आयतीनंतर ते मान किंचित कलती करत. आतली कुजबुज संपल्याशिवाय पुढची आयत सुरू करत नव्हते.

मी मागच्या दाराने बाहेर गेले.

संध्याकाळी बाबा बंदराच्या धक्क्यावर बसले होते. मी त्यांच्या बाजूला, मशीन असलेल्या कानाकडे बसले.

"कधी कळलं तुम्हाला?"

मी काय पाहिलं ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"तू हे लावलंस म्हणून कळलं," ते म्हणाले. "नाहीतर मला काय ऐकू येणार होतं? काल सुन्नती हळू पढत होतो. आतून काही नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घर ऐकू येतंय, आणि आतून काहीच नाही. पडद्यातून बघितलं तर उभी. नुसती उभी. मी जरा मोठ्याने पढलो, तशी सुरू झाली."

"मौलानांना विचारू आपण. ज्याला येत नाही त्याला सवलत असते. येईल तेवढं पढावं, नाहीतर..."

"सवलत न येणाऱ्याला असते, सबिहा. ही शिकवणारी आहे. तिने कोणाकडे जाऊन म्हणायचं, मला अलहम्द आठवत नाही?"

"तुम्ही तिला म्हणा. समोर उभं राहून पढवा."

"म्हणजे मला कळलंय हे तिला कळेल." त्यांनी पाण्यात खडा टाकला. "तिने माझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. हेही मागितलेलं नाही. असू दे तसंच."

"डॉक्टरांना दाखवायला हवं. हा विसराळूपणा साधा नसतो."

"दाखव. पुण्याला ने. डोळ्यांचं सांगून ने." मग म्हणाले, "नमाज मात्र माझ्याकडे राहू दे."

"आणि मशीद?"

मगरिबची अजान झाली. ती त्यांना नीट ऐकू आली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते उठले आणि घराकडे चालू लागले.

मी निघायच्या दिवशी इशाकचाचा आले. बाबांनी त्यांना येताना पाहिलं आणि मशीन काढून खिशात टाकलं.

"काय ऐकतोय मी? चार दिवसांत बिघडलं?" चाचा मला म्हणाले. "तू तर त्यातली शिकलेली. दुरुस्त करता येत नाही?"

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या डब्याला फडकं बांधता बांधता थांबली होती.

माझ्या कामात मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. ऐकू येतं का नाही, किती येतं, ते कागदावर जसं उमटतं तसंच सांगायचं.

"नाही, चाचा," मी म्हटलं. "त्यांच्या कानाला मशीन चालत नाही. काही उपयोग नाही."

अम्माने फडक्याची गाठ मारली.

"मग काय," चाचा बाबांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडले, "घरीच ओरड तू. पण जागा ठेवतो हो मी."

*

अम्माला मी पुण्याला नेलं, डोळ्यांचं सांगून. तपासण्या झाल्या. जे निघालं त्याला औषध नव्हतं. बाबा चार-पाच वर्षं माजघरात मोठ्याने पढत राहिले. मी सुट्टीला जायचे तेव्हा बॅटऱ्या न्यायचे आणि त्यांच्या झब्ब्याच्या खिशात सरकवायचे. त्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. गाव हसायचं, मग हसायचं विसरलं. अम्मा हळूहळू इतर गोष्टी विसरली, माझं लग्न झालं का हे विचारू लागली, पण अजान झाली की वजू करून मुसल्ला पसरायची.

बाबा पावसाळ्याच्या आधी गेले, झोपेतच. बाबांना पुढे ठेवून जनाज्याची नमाज मशिदीच्या अंगणात झाली. परतल्यावर इशाकचाचा ओटीवर, त्याच बाकावर, बराच वेळ बसून होते.

"आज सगळ्या सफांच्या पुढे होता," ते म्हणाले. "इमामाच्याही पुढे." मग चिडून माझ्याकडे बघितलं. "एक मशीन चाललं नाही म्हणून काय झालं गो? दुसरं आणायचं. तिसरं आणायचं. एवढं शिकून काय केलंस? पहिल्या सफेत जागा ठेवली होती मी त्याची."

आतल्या खोलीत बायका अम्माला धरून बसल्या होत्या. मी चाचांना पाणी आणून दिलं.

मग मी अम्माला पुण्याला घेऊन आले. पहिल्या दिवशी जोहरच्या वेळी तिने स्वतःहून वजू केला, मी पसरलेल्या मुसल्ल्यावर जाऊन उभी राहिली, हात बांधले. आणि थांबली.

मी किती वर्षांनी नमाजीला उभी राहत होते ते सांगण्यात अर्थ नाही. मी तिच्या पुढे मुसल्ला टाकला. दारं-खिडक्या लावून घेतल्या, कारण इमारतीत शेजार जवळचा. बाबांइतका मोठा आवाज मला जमणार नव्हता, पण तिला स्वच्छ ऐकू जावा इतका काढला. एक आयत म्हटली आणि थांबले. मागे शांतता. मला वाटलं, तिला वेळ लागत असेल. दुसरी आयत म्हटली, आणखी हळूहळू, आणि थांबले.

मागून अम्माचा आवाज आला. नमाजीत, अगदी स्पष्ट, ओटीवरच्या पोरीला सांगावं तसा.

"हळू गो. जोहर आहे."

इतकी वर्षं तोच नियम मोडणाऱ्या बाबांना ती तसं एकदाही म्हणाली नव्हती.

मी आवाज खाली आणला. माझ्या एकटीच्या कानाला ऐकू येईल इतका. अलहम्द शेवटपर्यंत पढले, प्रत्येक आयतीनंतर थांबत, मान किंचित कलती करून. मागून काही आलं नाही.